वर्गात सगळे हुशार वाटत असतील तर पहिले सहा महिने गप्प बसलेलंच बरं – माझं मत

मोहोळकरीण

मी मोहोळ तालुक्यातल्या एका गावातली. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, गणितात कॉलेजात पहिली आले. गावात पेढे वाटले, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव लिहिलं. आता सोलापुरात एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी एसटीने यायचं, संध्याकाळी एसटीने परत.

पहिल्याच आठवड्यात रिअल अ‍ॅनालिसिसच्या तासाला सरांनी विचारलं, बाउंडेड सिक्वेन्सला कन्व्हर्जंट सबसिक्वेन्स असतेच, हे कुठलं प्रमेय? मला येत होतं. बोल्झानो-वायरश्ट्रास. सिद्धतासुद्धा पाठ होती. मी धीर गोळा करेपर्यंत पुढच्या बाकावरच्या मुलीने नाव सांगून टाकलं आणि वर विचारलं, "सर, पण इन्फिनिट डायमेन्शनमध्ये हे चालत नाही ना?" सर खूश झाले. दोघं दहा मिनिटं बोलत होते. मी वहीत काहीच लिहिलं नाही, कारण ते कशाबद्दल बोलतायत हेच मला कळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मी धीर करून विचारलं, "सर, कम्पॅक्ट म्हणजे क्लोज्ड आणि बाउंडेडच ना?" मागून कोणीतरी हसलं. सर म्हणाले, "हे बी.एस्सी.ला झालंय." बस्स. त्या दिवशी एसटीत मोहोळ कधी आलं कळलं नाही.

घरचे, मैत्रिणी, सगळे एकच सांगतात, बिनधास्त विचार, न विचारणाराच मागे राहतो. मला हे पटत नाही. विचारण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. त्या पुढच्या बाकावरच्या मुलीने चुकीचा प्रश्न विचारला तर लोक म्हणतील, आज तिचं लक्ष नव्हतं. मी विचारला तर म्हणतील, खेड्यातली आहे, पाया कच्चा आहे. आणि असा एकदा बसलेला शिक्का दोन वर्षं पुसत नाही.

म्हणून मी ठरवलंय, दिवाळीनंतरच्या सत्रापर्यंत वर्गात तोंड उघडायचं नाही. ऐकायचं, लिहून घ्यायचं, घरी बसून समजून घ्यायचं. नवी सून घरात आली की आधी चूल कुठं, पाणी कुठं ते बघते, मग बोलते, तसं. यात भित्रेपणा नाही असं माझं मत आहे. तुमचं काय?

निवृत्त_गणित_शिक्षक

असहमत, पोरी. आणि तुझ्यावर माया आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

मी ऐंशीच्या दशकात सोलापूरहून एम.एस्सी.ला कोल्हापूरला गेलो. तेव्हा आपला जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता, सोलापूरचं वेगळं विद्यापीठ २००४ साली झालं. सांगली-कोल्हापूरकडची मुलं इतकी फाडफाड बोलायची की मी तुझ्यासारखंच ठरवलं, थोडे दिवस गप्प बसू. ते थोडे दिवस पूर्ण दोन वर्षं चालले. परीक्षा पास झालो, नोकरी लागली, एकतीस वर्षं बारावीला शिकवलं. पण साधी कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यात नेमका फरक काय, हे मला चाळिशीत कळलं. तेही एका जुन्या विद्यार्थ्याने सुट्टीत घरी येऊन विचारलं म्हणून. त्याला उत्तर देता येईना, तेव्हा पुस्तक काढून बसलो.

तू म्हणतेस घरी बसून समजून घेईन. सोलापूरची आहेस, मागावरचं उदाहरण देतो. उभी तार तुटली आणि कामगाराने माग तसाच चालू ठेवला, तर पुढच्या सगळ्या कापडात ती रेघ उतरते. मागून कितीही इस्त्री केली तरी जात नाही. माग तिथल्या तिथे थांबवून गाठ मारावी लागते. गणितात प्रश्न विचारणं म्हणजे माग थांबवणं. त्याने इतरांचा खोळंबा होतो हे खरं आहे. होऊ दे.

हसणाऱ्याला हसू दे. त्याचं नाव तुला दहा वर्षांनी आठवणार नाही. कम्पॅक्टची व्याख्या मात्र लागेल.

पूर्वभागातला

सर, तुमचा मान राखून असहमत. मोहोळच्या ताईंशी निम्मा सहमत.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. शाळा मराठी, पाचवीपासून गणित-विज्ञान सेमी इंग्रजीत. अकरावीला सायन्स पूर्ण इंग्रजीत. नंतर इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा वर्गात मला शंका आली की ती आधी तेलुगूत यायची, ती मराठीत आणायची, मग इंग्रजीत जुळवायची. वाक्य तयार होईपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असायचे. मग "सर, मागचं परत सांगा" म्हणायचं, आणि सगळा वर्ग वळून बघणार. माग थांबवा म्हणणं सोपं आहे. माग कोणाचा आणि थांबवणारा कोण, यावर बरंच अवलंबून असतं. मालकाच्या पोराने थांबवला तर कोणी काही बोलत नाही.

पण ताई, तुमचं घरी एकटीने समजून घेणं मला पटत नाही.

आमची अम्मा विड्या वळायची. लग्न होऊन आली तेव्हा तिचा हात फार सावकाश होता, दिवसभरात पाचशेसुद्धा व्हायच्या नाहीत. बाकीच्या बाया हजार करून संध्याकाळी कारखान्यात माल देऊन यायच्या. अम्माच्या विड्या तपासणीत बाद व्हायच्या, त्यांचे पैसे कापायचे. तिने काय केलं? चारचौघींत "मला शिकवा" असं ती कधीच म्हणाली नाही. गल्लीत सगळ्यात जलद हात असलेल्या एका अक्काच्या दारात सूप घेऊन जाऊन बसायला लागली. नुसती शेजारी बसायची. पान भिजवायचं किती, फर्म्यावर कापायचं कसं, तंबाखू किती, तोंड कसं दुमडायचं. एखादी बिघडली की अक्का न बोलता तिच्या हातातून घ्यायची आणि करून दाखवायची. वर्षभरात अम्मा हजारावर गेली.

वर्गात तोंड बंद ठेवा हवं तर. पण पहिल्या बाकावरच्या त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसा. मी इंजिनिअरिंगला तेच केलं. जो सगळ्यात पुढे होता त्याच्याबरोबर कँटीनला जायला लागलो. चहा त्याचा मी द्यायचो. त्याने कधी मला मठ्ठ म्हटलं नाही, कारण दोघंच असताना मठ्ठ म्हणून मोठेपणा कोणाला दाखवणार?

मधेच_सोडलेला

वरची तिन्ही मतं एकच गोष्ट गृहीत धरतात, की ताईला हे शेवटी जमणारच आहे. प्रश्न फक्त विचारून की न विचारता. मला हे गृहीतकच मान्य नाही. आणि हे मी कोणाला खिजवायला लिहीत नाहीये.

मी एम.एस्सी. फिजिक्सला होतो. बी.एस्सी.ला डिस्टिंक्शन. वर्गात तीन मुलं अशी होती की एखादं गणित मी रात्रभर बसून सोडवलं, ते त्यांना सरांनी फळ्यावर लिहीपर्यंत दिसायचं. मी प्रश्न विचारले. शेजारी बसलो. चहा पाजला. क्लास लावला. सगळे म्हणायचे, तू पण हुशार आहेस, आत्मविश्वास कमी पडतोय. दोन वर्षांचा कोर्स तीन वर्षं ओढला. शेवटी सोडला, बँकेच्या परीक्षा दिल्या, आज बरा आहे. पण ती तीन वर्षं, वडिलांचे पैसे आणि माझी झोप, हे कोण परत देणार?

काही माणसं खरोखर आपल्यापेक्षा हुशार असतात. उंची जशी कमी-जास्त असते तसं. हे मोकळेपणाने म्हणायला आपल्याकडे बंदी असल्यासारखं आहे. खेडं, भाषा, सेमी इंग्रजी ही कारणं खरी आहेत, पण प्रत्येक वेळी तीच नसतात. आजकाल इम्पोस्टर सिंड्रोम हा शब्द कोणीही कोणालाही चिकटवतं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी १९७८ साली ही कल्पना मांडली तेव्हा त्या बोलत होत्या कर्तबगार बायकांबद्दल. त्यांनी काम करून दाखवलेलं होतं, तरी त्यांना आपण ढोंग करतोय असं वाटायचं. म्हणजे भीती खोटी होती. ताईंच्या बाबतीत भीती खोटी नाही. समोरच्या मुलीला येतं आणि ताईंना येत नाही, हे आज तरी सत्य आहे.

मग भीती ही सूचना समजावी. स्वतःला एक मुदत द्यावी, एक सत्र. तेवढ्यात अंतर कमी होतंय का ते प्रामाणिकपणे बघावं. होत नसेल तर वाट बदलावी, आणि त्यात लाज नाही.

एका_मुलीची_आई

मुदत-बिदत नंतर. बाळ, तू जेवतेस का वेळेवर? माझी मुलगी वसतिगृहात होती तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत सहा किलो उतरली, आणि आम्हाला फोनवर "सगळं छान" म्हणायची. घरी खरं सांगत जा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव लागलं म्हणून रडायची बंदी होत नाही.

पहिल्या_बाकावरची

मी ताईंच्या वर्गातली नाही. माझं एम.एस्सी. होऊन चार वर्षं झाली. पण ज्या मुलीबद्दल ताई लिहितायत, ती मी होते. वेगळ्या वर्गात, पण तीच. म्हणून तिच्या बाजूने लिहिते.

इन्फिनिट डायमेन्शनचा तो प्रश्न मला पहिल्या आठवड्यात कसा सुचला असता सांगू? सुचला नसता. मी तो आधी ऐकलेला असता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात मी एमटीटीएसच्या शिबिराला गेले होते. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचं हे शिबिर प्रा. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलं, देशभरातली मुलं तिथे येतात आणि चार आठवडे फक्त गणित. मला त्याबद्दल कळलं कारण माझ्या मामेभावाने अर्ज भरायला लावला. एवढंच कारण. तिथे शिकवणारे प्रमेय सांगून मोकळे होत नाहीत, "का? उदाहरण दे. ही अट काढली तर काय बिघडेल?" असं खोदत राहतात. पहिले दहा दिवस मी रोज रात्री रडले. महिन्याभराने परत आले तेव्हा प्रत्येक प्रमेयाला "ही अट काढली तर?" असं विचारायची सवय हाताला लागली होती.

वर्गातल्या मुलींनी बघितली ती ही सवय, आणि त्यांना वाटलं बुद्धी. मला त्यांना सांगायला हवं होतं की हे मी शिकून आलेय. सांगितलं नाही. हुशार म्हणवून घेणं आवडत होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

मधेच सोडलेल्या दादांना एक विचारते. त्या तीन मुलांनी ती गणितं आधी पाहिलेली नव्हती याची खात्री होती का तुम्हाला? काही जण खरंच जलद असतात हे मलाही मान्य आहे, माझ्याहून जलद मुलं मी शिबिरात पाहिली. पण जलद म्हणजे खोल नव्हे. लोरां श्वार्त्झ हे फ्रेंच गणिती. त्यांना १९५० साली फील्ड्स पदक मिळालं. शाळेत असताना ते स्वतःला मठ्ठ समजायचे, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट समजायला वेळ लागायचा आणि वर्गातली इतर मुलं पटापट उत्तरं द्यायची.

मधेच_सोडलेला

खात्री नव्हती. हा मुद्दा मान्य, मी त्यांना कधी विचारलंच नाही की तुम्ही हे आधी केलंय का.

पण श्वार्त्झचं उदाहरण मान्य नाही. फील्ड्स पदक मिळालेल्या एका माणसाला मठ्ठ वाटायचं, यावरून मठ्ठ वाटणाऱ्या प्रत्येकाला गणित येईल असं होत नाही. ज्यांना वाटलं आणि खरंच आलं नाही, त्यांची नावं कोणी लिहून ठेवत नाही. गणितवाल्यांनी तरी हे समजून घ्यावं.

पहिल्या_बाकावरची

हे बरोबर आहे. श्वार्त्झवरून एवढंच सिद्ध होतं की सावकाश असणं हा नापास होण्याचा पुरावा नाही. त्यापुढचं मी ओढून नेलं.

शिकवणारी

मी सोलापुरातच पदवीच्या मुलांना शिकवते. दरवर्षी जूनमध्ये अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळ्याहून आपापल्या ठिकाणची पहिली आलेली मुलं एका वर्गात येऊन बसतात. वर्गात पहिला एकच येणार. म्हणजे उरलेल्या सगळ्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आपण पहिले नाही असं घडणार. यात कोणाची बुद्धी जूनमध्ये कमी झालेली नसते, आजूबाजूचे बदललेले असतात. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८४ पासून यावर काम केलं. सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली आणि एक साध्या शाळेत, एक निवडक हुशार मुलांच्या शाळेत असेल, तर दुसऱ्याचं स्वतःबद्दलचं मत खाली जातं. छोट्या तळ्यातला मोठा मासा असं त्यांनी त्याचं वर्णन केलं. मोहोळकरीण, तुझं तळं बदललंय.

आता मुख्य मुद्दा, गप्प बसण्याचा. पूर्वभागातल्या दादांनी अम्माची गोष्ट सांगितली तेव्हा मला एका अमेरिकन अभ्यासाची आठवण झाली. थोडं सविस्तर लिहिते, कारण वाद नेमका यावरच चाललाय.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे यूरी ट्रीझमन नावाचा तरुण गणित शिकवत होता. कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये फार मोठ्या संख्येने मागे पडत होती, चिनी वंशाची मुलं पुढे जात होती. प्राध्यापकांना कारणं विचारली तर उत्तरं तीच, जी आपल्याकडेही ऐकू येतात. पाया कच्चा, घरातून पाठिंबा नाही, जिद्द नाही. ट्रीझमनने दोन्ही गटांतली वीस-वीस मुलं घेतली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात राहून महिनोन्महिने बघितलं. कृष्णवर्णीय मुलं आळशी नव्हती. सांगितलेला अभ्यास सांगितल्याप्रमाणे करायची, तासाला हजर असायची. पण एकटी करायची. अभ्यास एकीकडे, मित्र दुसरीकडे. चिनी मुलं आधी एकेकटी अभ्यास करायची आणि मग संध्याकाळी एकत्र जेवता-खाता एकमेकांच्या वह्या तपासायची. कुठलं गणित कोणालाच आलं नाही हे त्यांना तिथे कळायचं. एकट्या मुलाला ते कधीच कळत नाही. त्याला वाटतं फक्त मलाच आलं नाही.

ट्रीझमनने मग काय केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने कच्च्या मुलांचा जादा तास काढला नाही. त्या मुलांना एकत्र बसवून नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. निकाल खूप सुधारले.

म्हणून सर, मी तुमच्याशी थोडी असहमत. वर्गात हात वर करणं हाच एक मार्ग नाही. आणि मोहोळकरीण, तुझ्याशी जास्त असहमत. वर्गात गप्प बस, चालेल. पण तू वर्गात गप्प, एसटीत गप्प, घरी एकटी, असं चाललंय. बर्कलीच्या त्या मुलांचं नेमकं हेच झालं होतं.

आणि सुनेचं उदाहरण नको गं. सून गप्प बसते ती शिकण्यासाठी नाही, बोलली तर काय होईल या भीतीने.

मोहोळकरीण

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सुनेचं उदाहरण मागे घेते, मॅडम बरोबर आहेत. आई ज्या भीतीने गप्प बसायची ते बघूनच मी शिकायला बाहेर पडले आणि तेच उदाहरण द्यायला बसले.

आईंना: जेवते. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी असते, दुपारी पायरीवर बसून खाते. एकटी खाते, हे मॅडमचं वाचल्यावर लक्षात आलं.

मधेच सोडलेल्या दादांना: तुमचं लिहिणं वाचून राग आला होता, मग उतरला. तुम्ही एकटेच असं म्हणालात की भीती खोटी नाही. बाकी सगळे, माझ्या घरचेसुद्धा, "काही नाही गं, तूच हुशार" म्हणतात तेव्हा मला आणखी एकटं वाटतं. मला कम्पॅक्ट येत नव्हतं, ही गोष्ट खरी आहे, आणि ती खरी आहे असं कोणीतरी म्हटल्यावर बरं वाटलं. मुदतीचं मात्र पटत नाही. एका सत्रात काय कळणार? शेताला पाणी दिल्यावर तिसऱ्या दिवशी उकरून बघितलं तर कोंब मोडतो.

सरांना: रेघेचं उदाहरण डोक्यातून जात नाही. पण वर्गात परत हात वर करायचा माझा निर्णय आज तरी होत नाही. हसलेला आवाज अजून कानात आहे. खोटं कशाला सांगू.

निवृत्त_गणित_शिक्षक

हसला त्याच्यापेक्षा "हे बी.एस्सी.ला झालंय" म्हणणाऱ्याची चूक मोठी आहे. मी स्वतः शिक्षक होतो आणि मीही मुलांना असं म्हटलेलं आहे, पोर्शन संपवायच्या घाईत. म्हणून सांगतो, त्यात तुझी परीक्षा नव्हती, त्या शिक्षकाकडे वेळ नव्हता किंवा ताकद नव्हती. तासानंतर जाऊन त्यांनाच एकटीने विचार. दहापैकी आठ शिक्षक तासानंतर वेगळे माणूस असतात.

पूर्वभागातल्या दादांचा मुद्दा मान्य करतो. मालकाचा पोरगा आणि कामगार यातला फरक मी विसरलो होतो. मी कोल्हापुरात गप्प होतो ते सोलापूरचा म्हणून नव्हे, माझी भाषा तर मराठीच होती.

पूर्वभागातला

सर, एवढं म्हणालात हेच खूप.

ताई, एक बारीकशी गोष्ट. शेजारी जाऊन बसायचं म्हणजे आपण फक्त घेणार असं वाटतं आणि लाज वाटते. मीही आधी अडखळलो. पण त्या पहिल्या बाकावरच्या मुलीलाही काहीतरी लागत असेल. माझ्या मित्राला हाताने ड्रॉइंग जमायचं नाही, मला जमायचं. तुम्हाला सिद्धता पाठ आहेत म्हणालात. अख्खी सिद्धता न चुकता लिहिता येणं ही काय कमी गोष्ट आहे?

पहिल्या_बाकावरची

अजिबात कमी नाही. मला "का?" विचारायची सवय होती, पण परीक्षेत ओळीला ओळ जोडून लिहायला मी नेहमी कमी पडले. पहिल्या सत्रात माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले ते बार्शीच्या एका मुलीला, जी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्या शेजारी बसले असते तर दोघींचं भलं झालं असतं.

मधेच_सोडलेला

मुदतीवर मी ठाम आहे. पण कोंब उकरून बघू नये हे पटलं. दोन सत्रं म्हणतो.

मोहोळकरीण

दहा दिवसांनी लिहितेय.

शेजारी जाऊन बसले. पहिल्या बाकावर नाही, ते जमलं नाही. पण तिसऱ्या बाकावर दोघी पंढरपूर रोडच्या एसटीने येणाऱ्या आहेत, त्यांच्यात. त्यातल्या एकीला विचारलं, त्या दिवशी इन्फिनिट डायमेन्शनचं कळलं होतं का तुला? ती म्हणाली, "मला तर वाटलं तुला कळलं, तू किती शांत बसली होतीस." आता शनिवारी तास संपल्यावर आम्ही तिघी वाचनालयात बसतो. तासानंतर सरांकडेही गेले होते. दहापैकी आठांतले निघाले. म्हणाले, रिअल लाइनवर तुझं क्लोज्ड आणि बाउंडेड बरोबरच आहे, पण व्याख्या ती नाही, आणि दुसरीकडे ते कामाचं नाही.

व्याख्या मी मैत्रिणींना अशी सांगितली, इथेही सांगते. ओपन कव्हर म्हणजे पांघरूण. आपल्या सोलापुरी चादरी धरा. मोजक्या चादरींत भागलं तर ती जागा कम्पॅक्ट. शून्य ते एक एवढी जागा झाकायचीय, पण दोन्ही टोकं सोडून. पहिली चादर अर्ध्यापासून एकपर्यंत. दुसरी एक तृतीयांशापासून एकपर्यंत. तिसरी एक चतुर्थांशापासून. अशा न संपणाऱ्या. सगळ्या मिळून जागा झाकली जाते, कारण शून्याच्या कितीही जवळचा बिंदू घेतला तरी कुठली तरी चादर तिथे पोचतेच. पण घरात मोजक्याच चादरी ठेवायच्या म्हटलं तर त्यातली सगळ्यात लांब चादरसुद्धा शून्याच्या अलीकडे कुठेतरी संपते, आणि तेवढी जागा उघडी राहते. म्हणून ही जागा कम्पॅक्ट नाही. आता शून्य आणि एक ही दोन्ही टोकं आत घेतली, तर शून्यावर पडणाऱ्या चादरीला थोडी तरी रुंदी असणारच, एकावर पडणारीलाही. शून्यावरची चादर ती उघडी फट झाकून टाकते, आणि मोजक्या चादरींत भागतं. म्हणून ती कम्पॅक्ट.

एका_मुलीची_आई

मला गणित येत नाही, पण चादरीचं कळलं.

पहिल्या_बाकावरची

फार छान सांगितलंत. एक दुरुस्ती. पहिला भाग पूर्ण बरोबर आहे, कम्पॅक्ट नाही हे दाखवायला एक वाईट पांघरूण पुरतं. पण दुसऱ्या भागात तुम्ही त्याच प्रकारच्या चादरी घेऊन दाखवलंत. कम्पॅक्ट म्हणायला कुठल्याही चादरी टाकल्या तरी त्यातल्या मोजक्यांत भागलं पाहिजे. ते सिद्ध करायला हाइने-बोरेलचं प्रमेय लागेल.

मोहोळकरीण

हो. "कुठल्याही" राहिलं माझं. शनिवारी त्या दोघींनाही चुकीचं सांगितलं गेलंय, सोमवारी एसटी स्टँडवरच गाठून दुरुस्त करते. हाइने-बोरेलची सिद्धता पाठ आहे मला. त्यात "कुठल्याही" नेमकं कुठल्या ओळीत येतं ते आज रात्री बघते.